छंदीफंदी : कॉफी भाजायला मशीन कशाला?

मागच्या अंकात घरी कॉफी भाजण्यावर चार ओळी काय लिहिल्या, या वेळी टपालात नुसती कॉफीच कॉफी. त्यामुळे पेनवाले, नाणीवाले, कुंड्यावाले यांनी जरा दम धरा, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात. शिरपूरच्या एका रेडिओवाल्या काकांना तेवढी शेवटी जागा दिलीय कारण ते फारच दिवस वाट बघतायत. प्रश्न थोडे छाटलेत, नावं नेहमीप्रमाणे नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

जळगाव : भाऊ, पुण्यात नोकरीला होतो तेव्हा चांगल्या कॉफीची सवय लागली, आता वर्क फ्रॉम होम करून घरी आलोय तर ताजी भाजलेली कॉफी मिळायची मारामार. म्हटलं घरीच भाजू, पण मशीनच्या किमती बघितल्या आणि मोबाईल खाली ठेवला. मशीनशिवाय होतच नाही का? आणि कच्च्या बिया आणायच्या कुठून?

होतं की. मशीन काय करते, बी सगळीकडून सारखी तापवते आणि हलवत राहते, एवढंच. हे काम बिडाची किंवा जाड बुडाची कढई आणि एक लाकडी उलथनं पण करतं, फक्त हात तुमचा दुखतो. ज्या घरात आठवड्याला शेंगदाणे भाजले जातात, वर्षाचा मसाला भाजला जातो, त्या घरात निम्मं शिक्षण आधीच झालेलं असतं भो.

आधी बियांचं सांगतो कारण तिथंच लोक फसतात. ऑनलाइन नुसतं 'ग्रीन कॉफी' टाकलं की वजन कमी करायची पाकिटं समोर येतात, ती घेऊ नका, त्यात बऱ्याचदा भरड नाहीतर तुटका माल असतो आणि तो सारखा भाजला जात नाही. चिकमगळूर, कोडगू, हसन या भागातल्या इस्टेटी आणि बेंगळुरूचे व्यापारी भाजण्यासाठीच्या बिया अर्धा किलो, किलोच्या पाकिटात पाठवतात, त्यात 'प्लांटेशन' लिहिलेलं असेल तर ती धुऊन वाळवलेली अरेबिका (ही कॉफीची एक जात), 'चेरी' लिहिलं असेल तर फळासकट वाळवलेली. पुढं ए, एए हे आकाराचे ग्रेड, आणि पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोनाऐवजी एकच गोल बी असते ती. सुरुवातीला प्लांटेशन ए किंवा पीबी घ्या. पीबी गोल असल्यामुळे कढईत मस्त गडगडते आणि सगळीकडून रंग सारखा धरते. अर्धा किलोच मागवा, आवडलं नाही तर शेजाऱ्याला द्यायला पण सोपं.

आता कढई. एका वेळी 100 ते 150 ग्रॅम, त्याच्या वर नाही. कढई मध्यम आचेवर तापू द्या, बिया टाका आणि हात थांबवू नका, थांबलात की तळाच्या बियांना एका बाजूनं काळे डाग पडलेच. पहिली चार-पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, बी हिरव्याची पिवळी होते, कच्चट गवताळ वास येतो, मग तो वास जाऊन भाजका गोडसर यायला लागतो आणि रंग तपकिरी. आठव्या-दहाव्या मिनिटाच्या आसपास टाक टाक आवाज सुरू होतो, ज्वारीच्या लाह्या फुटतात ना अगदी तसा, याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. बीच्या आत वाफ आणि गॅस कोंडलेला असतो तो बी फोडून बाहेर येतो, बी फुगते, त्या वेळी तिचं तापमान साधारण 196 ते 205 डिग्री असतं. इथून पुढं कॉफी पिण्यालायक आहे. आच कमी करा, आवाज ओसरला की एक-दीड मिनिटात उतरवा, मध्यम रोस्ट झाला. अजून थांबलात तर 225 च्या पुढं दुसरा क्रॅक येतो, तो बारीक, कोरडा, घाईघाईचा असतो, तेल वर येतं, धूर वाढतो, आणि त्याच्याही पुढं गेलात तर मग कोळसा.

उतरवल्यावर खरी धावपळ. शेंगदाणे गॅस बंद करून कढईतच ठेवले तरी चालतात, कॉफीचं तसं नाही, ती कढईच्या उष्णतेवर भाजतच राहते. दोन स्टीलच्या चाळण्या घ्या, टेबलफॅन लावा, या चाळणीतून त्या चाळणीत करत राहा, तीन-चार मिनिटांत हाताला सोसेल इतकी गार झाली पाह्यजे. मग वजन करा. 100 ग्रॅम टाकले होते आणि 85 च्या आसपास भरले तर मध्यम रोस्ट झालाय, 80 च्या खाली गेलं तर डार्क. डोळ्यापेक्षा हा वजनकाटा जास्त खरं बोलतो, खास करून संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली भाजत असाल तर.

आणि लगेच पिऊ नका. भाजलेल्या बीतून पुढचे काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, त्याच दिवशी केली तर फेस भरपूर आणि चव विस्कटलेली. तीन-चार दिवस डब्यात ठेवा, पहिल्या दिवशी झाकण किंचित सैल, नाहीतर घट्ट पिशवी फुगून बसते.

भुसावळ : दादा, मी हौसेनं भाजायला लागले पण आमच्या रेल्वे क्वार्टरच्या किचनला चिमणी नाही. सगळ्या घरात धूर, आणि ती सालपटं उडून पार हॉलपर्यंत. सासूबाई आमच्या अहिराणीत बोलतात, "घरमा धूर नको करू" एवढं एकच वाक्य, पण दिवसभर. काय करू?

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे आधी हे मान्य करू. पण धूर बहुतेक सगळा फर्स्ट क्रॅकच्या पुढचा असतो, आणि जितकं डार्क तितका जास्त. मध्यमवर थांबा, एका वेळी 100 ग्रॅमच टाका, धूर निम्म्यावर येईल. बाकीचा उपाय म्हणजे छोटी शेगडी घेऊन गच्चीवर जाणं, कठड्याच्या आडोशाला, वाऱ्यात ज्योत हलली की सगळं गणित बिघडतं. आणि सकाळी सहा-साडेसहाला. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो तेव्हा दुपारी भाजायला कोणी जाणारच नाही म्हणा, पण संध्याकाळीसुद्धा गच्ची तापलेली असते आणि फॅननं कॉफी गार करायला गेलात तर फॅन गरम हवाच फेकतो, बिया गार होता होत नाहीत, आतल्या आत अजून शिजतात. कूलरसमोर धरल्या तर चालतं का असं तुम्ही पत्रात शेवटी विचारलंय. दोन-तीन मिनिटं चालतं, पण कूलरच्या खोलीत कॉफी उघडी ठेवू नका, कच्ची तर अजिबात नको, कच्च्या बीत 10 ते 12 टक्के ओल असते आणि ती तेवढीच राहायला पाह्यजे, दमट खोलीत वाढली की बुरशी. पत्र्याखालच्या माळ्यावर पण नको, तिथं भट्टी असते. घट्ट झाकणाचा डबा, घरातला सगळ्यात गार कोपरा, सहा-आठ महिने आरामात टिकते.

ती सालपटं म्हणजे बीवरचा पातळ पापुद्रा. त्याच्यासाठी यूट्यूबवर लोक काय काय जुगाड दाखवतात, ब्लोअर काय, व्हॅक्यूम काय. तुमच्या घरी सूप असेल ना? गच्चीवर चार वेळा पाखडलं की झालं. पाखडायला सासूबाईंना बोलवा, त्यांच्याइतकं चांगलं तुम्हाला आम्हाला जमणार नाही आणि एकदा त्यांचा हात लागला की तक्रार पण निम्मी होईल.

एक सांभाळा, हे फोलपट कागदासारखं पेट घेतं. गॅसच्या आजूबाजूला साठू देऊ नका. काही पेटलंच तर गॅस बंद करून कढईवर झाकण, पाणी ओतायचं नाही.

धुळे : कॉफी बाहेरून मस्त काळीभोर होते पण केली की आंबट आणि कच्ची कच्ची लागते. डार्क रोस्ट आंबट कशी?

डार्क नाहीच ती. बाहेरून जळलेली आणि आतून कच्ची आहे. एक बी दोन बोटांत फोडून आतला रंग बघा, बाहेर काळा आणि आत फिका तपकिरी दिसला तर सुरुवातीची आच जास्त होती. कढई धूर निघेपर्यंत तापवून मग बिया टाकत असाल, बरेच जण करतात. आच कमी करा, पिवळं व्हायला चार-पाच मिनिटं लागू द्या.

पण म्हणून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं पण घोळवत बसू नका हां, मग क्रॅक नीट येतच नाही, रंग एकदम सुंदर येतो आणि चव मात्र पुठ्ठ्याची. मला विचाराल तर जळलेल्यापेक्षा ही जास्त वाईट, कारण जळलेली निदान दुधात खपते.

सावदा : आमच्याकडे मांडे करायचं मोठं खापर आहे, वर्षातून एक-दोनदाच निघतं. मातीचं आहे, उष्णता छान धरतं. त्याच्यावर कॉफी भाजली तर?

वाचून हसू आलं, राग मानू नका. अहो खापर चुलीवर पालथं असतं, वरून घुमटासारखं, मांडा त्याच्यावर पसरतो पण कॉफीच्या बिया घरंगळत थेट चुलीत जातील. आणि उताणं करून वापरलं तरी कॉफीचं तेल आणि वास माती पिऊन घेते, पुढच्या वेळी पुरणाच्या मांड्याला कॉफीचा वास आला तर घरात जे होईल त्याची जबाबदारी माझी नाही. वेगळी कढई ठेवा. लोखंडी, बिडाची, जुन्या बाजारात मिळेल ती. तिच्यात नंतर वांग्याची भाजी, फोडणी काही करायचं नाही, आणि साबणानं घासायचं पण नाही, कोरड्या फडक्यानं पुसून ठेवायची.

अमळनेर : दोन प्रश्न. आमच्या चौकातला फुटाणेवाला गरम वाळूत हरभरे भाजतो, त्याला 200 रुपये देऊन किलोभर कॉफी भाजून घेतली तर माझा हात वाचेल का? आणि दळायला मिरची-मसाल्याच्या चक्कीवर नेली तर?

पहिल्याचं उत्तर, कल्पना भारी आहे पण नको. वाळूनं बी सगळीकडून तापते हे खरंय, पण त्याची वाळू इतकी कडक तापलेली असते की हरभरा बघता बघता फुटतो, कॉफीला तशी आच दिली तर धुळ्याच्या वाचकाचं जे झालं तेच तुमचं होईल. वर त्या वाळूत मीठ-हळदीचे हरभरे भाजलेले असतात. त्याला वेगळी वाळू, मंद आच आणि दहा मिनिटं उभं राहायला लावलंत तर 200 मध्ये तो करणार नाही, आणि का करावं त्यानं.

हात वाचवायचा असेल तर दोन रस्ते आहेत. एक हॉट एअर गन, रंग काढायला किंवा श्रिंक पाइप बसवायला वापरतात ती, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. स्टीलच्या खोल पातेल्यात 150 ग्रॅम बिया, वरून गन, दुसऱ्या हातानं ढवळणं, बिया डोळ्यासमोर असतात, फोलपट आपोआप उडून जातं, शिकायला याच्याइतकं सोपं काही नाही. दुसरा रस्ता गरम हवेचं छोटं पॉपकॉर्न मशीन. पण घेताना आत डोकावून बघा, हवा भांड्याच्या कडेच्या फटींतून येत असेल तर घ्या, तळाला जाळी असेल तर घेऊ नका, त्या जाळीत फोलपट साठून पेटतं. आणि एका वेळी 70-80 ग्रॅमच्या वर बसत नाही त्यात.

दुसऱ्याचं उत्तर, मिरचीच्या चक्कीवर? अमळनेरमध्ये? तिखट कॉफी प्यायची असेल तर जरूर न्या. घरचा मिक्सर चालेल, सलग फिरवायचा नाही, थांबून थांबून, नाहीतर पावडर गरम होते आणि निम्मी पीठ निम्मी भरड. पैसे खर्चायचेच असतील तर भाजण्याच्या मशीनवर नाही, हातानं फिरवायच्या बऱ्यापैकी ग्राइंडरवर खर्चा. कपातला फरक त्यानं जास्त पडतो, हे मी कोणाशीही वाद घालून सांगायला तयार आहे.

चोपडा : आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही त्यात. कॉफी त्यातच करू की आरओच्या पाण्यात?

दोन्ही मिसळून. जड पाण्यात कॉफीचा आंबटगोडपणा मरतो आणि सपाट लागते, आणि आरओचं पाणी फारच हलकं केलेलं असेल तर बीतला अर्क नीट उतरत नाही. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, असेल तर 150 च्या जवळपास आणा, स्पेशालिटी कॉफीवाले तोच आकडा धरतात. मीटर नसेल तर तीन भाग आरओ, एक भाग बोअर इथून सुरू करा आणि जिभेवर सोडा.

नंदुरबार : सगळे म्हणतात घरी भाजलेली कॉफी काळीच प्यायची, दूध-साखर घातली की वाया. मला दुधाशिवाय जात नाही आणि चिकोरीवाली पण आवडते. मी गावंढळ आहे का?

अजिबात नाही, आणि ज्यांनी असं सांगितलं त्यांना घरी बोलावून दुधाची पाजा. सगळा दक्षिण भारत पिढ्यान्‌पिढ्या दुधाची फिल्टर कॉफी पितोय, त्यांना कोणी गावंढळ म्हणत नाही.

फक्त दुधासाठी भाजायचं गणित वेगळं. हलकी भाजलेली अरेबिका दुधात हरवते, कधीकधी आंबूस पण लागते. जरा पुढं जा, दुसरा क्रॅक सुरू व्हायच्या बेताला उतरवा. आणि थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी जात, मिसळा, 70 टक्के अरेबिका, 30 टक्के रोबस्टा. रोबस्टाला अंग असतं, कडूपणा असतो, दुधातून आरपार कळते. दोन्ही एकत्र भाजू नका, वेगवेगळी भाजून मग मिसळा, रोबस्टा जास्त टणक आणि तिचा क्रॅक दबका असतो, कान देऊन ऐकावा लागतो. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं, तेव्हा रात्री नऊला पिऊन मला पत्र लिहायला बसू नका.

चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, वाळवून भाजून दळलेलं, त्यात कॅफिन नसतं, रंग आणि दाटपणा येतो. बाजारातल्या मिश्रणात कायद्यानं कॉफी निदान 51 टक्के लागते, म्हणजे 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. घरी करताना 10 ते 15 टक्के घाला, तेवढ्यात तुमची आवड पण राहील आणि भाजायला घेतलेल्या मेहनतीची चव पण कळेल. फिल्टरमध्ये पावडर फार दाबू नका, नाहीतर सकाळी लावलेला डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, दुपारी उतरेल.

रावेर : आमची केळी आहे. केळीच्या सावलीत कॉफीची झाडं लावली तर? जमलं तर आपलीच पिकवून आपलीच भाजू.

केळी आणि कॉफी एकत्र लावणं ही उगाच सुचलेली गोष्ट नाही, युगांडात शेतकरी तसंच लावतात. पण अडचण केळीची नाही, रावेरची आहे. अरेबिकाला साधारण 1000 ते 1500 मीटर उंची आणि 15 ते 25 डिग्रीची हवा लागते, रोबस्टा जरा खाली आणि जरा गरम चालवून घेते, पण 45 डिग्री आणि उन्हाळ्यातली ती कोरडी झळ दोघींनाही सोसत नाही. आपली काळी जमीन अल्कलीकडे झुकलेली, कॉफीला थोडी आम्ल माती लागते. महाराष्ट्रात कॉफी बघायचीच असेल तर मेळघाटात चिखलदऱ्याला जा, हजार मीटरच्या वर आहे ते, तिथं आहेत कॉफीची झाडं, आणि रावेरहून काही फार लांब पण नाही.

शेतात नको पण कुंडीत एक लावाच. भाजायला आणलेली बी पेरू नका, तिचं टरफल काढलेलं असतं आणि जुनी झाली की उगवत नाही, रोपच आणा. पूर्वेच्या व्हरांड्यात, दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी, मातीत शेणखत आणि कोकोपीट जास्त. तीन-चार वर्षांनी पांढरी फुलं येतात, वास मोगऱ्याच्या जवळ जाणारा, आणि त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी लाल फळं. मळ्यातलं चांगलं झाड वर्षाला जेमतेम अर्धा किलो भाजलेली कॉफी देतं, तर कुंडीतल्याकडून दोन-चार कपांच्या वर अपेक्षा नको.

शिरपूर : माझ्याकडे वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर आहे, अजून चालतो. रात्री मीडियम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं लागतात, दिवसा जळगाव सोडून काही नाही, असं का? आणि हल्ली घरघर फार येते, रेडिओ बिघडला का?

काका, रेडिओ ठणठणीत असेल. दिवसा सूर्यामुळे वातावरणात वर एक थर तयार होतो, तो मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहरी त्याच्या वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात, म्हणून रात्री दुसऱ्या राज्यातलं स्टेशन शिरपुरात.

घरघर बहुतेक घरातलीच आहे. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईल चार्जर, इन्व्हर्टर, सगळे ही घाण हवेत सोडतात. रेडिओ सेलवर लावा आणि घरातलं एकेक बटण बंद करत जा, कुठल्या बटणाला घरघर थांबते ते दोन मिनिटांत कळेल. शेजाऱ्याच्या घरातून येत असेल तर रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवा, आतला दांडीसारखा अँटेना एका दिशेनं कमी पकडतो, ती बाजू शेजाऱ्याकडे करा. लाईटवर लावल्यावर मात्र जाडसर गुणगुण येत असेल आणि सेलवर येत नसेल तर आतले कपॅसिटर वाळलेत, कुठलाही जुना रेडिओ-टीव्हीवाला बदलून देईल, आणि बदलताना जुने काढलेले परत मागून घ्या, म्हणजे खरंच बदललेत की नुसती धूळ झटकलीय ते कळतं.